साहेबाचे साधे शब्द

वाङ्मयाच्या इतिहासात ज्याची गणना सहसा कोणी करीत नाही अशा एका इंग्रजी पुस्तकाविषयी मला येथे लिहायचे आहे. ती कादंबरी नव्हे, निबंधसंग्रह नव्हे, समीक्षाग्रंथही नव्हे. एका सरकारी अधिकाऱ्याने, सरकारी खात्याच्या सांगण्यावरून, सरकारी नोकरांकरिता ते लिहिले, आणि सरकारी प्रकाशनखात्यानेच ते १९४८ साली दोन शिलिंगांना विकायला काढले. पुस्तकाचे नाव ‘प्लेन वर्ड्‌स’. लेखक सर अर्नेस्ट गाउअर्स. १९५१ मध्ये त्याला ‘द एबीसी ऑफ प्लेन वर्ड्‌स’ची जोड मिळाली आणि १९५४ मध्ये दोन्ही एकत्र करून ‘द कम्प्लीट प्लेन वर्ड्‌स’ हा ग्रंथ सिद्ध झाला. माझ्याकडे आहे ती पेलिकनची जुनी, पुठ्ठा सुटलेली प्रत. कचेरीतले पत्र कसे लिहावे हे सांगणाऱ्या पुस्तकाची दिवाळी अंकात चर्चा कशाला, असे कोणी विचारील. गद्याचे मूळ काम काय, हा प्रश्न मला ज्या थोड्या पुस्तकांनी नीट विचारला त्यांत हे एक आहे. आणि त्याने दिलेले उत्तर मला अर्धेच पटते. त्या दोन्ही अर्ध्यांविषयी बोलावे म्हणून हा खटाटोप.

पुस्तकाची वेळ आधी ध्यानात घेतली पाहिजे. सर एडवर्ड ब्रिजेस हे तेव्हा ब्रिटिश ट्रेझरीचे मुख्य सचिव होते. (हे ब्रिजेस म्हणजे राजकवी रॉबर्ट ब्रिजेस यांचे चिरंजीव. आपल्याकडे कारकुनांच्या मुलांना कवितेची बाधा होते. तिकडे कवीच्या मुलाला कारकुनांच्या भाषेची चिंता लागली.) त्यांनी गाउअर्सना ही कामगिरी सांगितली. युद्ध संपले होते, पण शिधापत्रिका संपली नव्हती. १९४८ च्याच ५ जुलैला इंग्लंडात राष्ट्रीय विमा आणि राष्ट्रीय आरोग्यसेवा या दोन्ही योजना सुरू झाल्या. सरकारचा लखोटा आला तर तो कराचा नाहीतर लष्कराचा, असे ज्या घरांतून पिढ्यान् पिढ्या मानले जात होते, त्या घरांतून आता विम्याची, औषधपाण्याची, पेन्शनीची पत्रे जाऊ लागली. लिहिणाऱ्याच्या अंगी शाळेत घोकलेले लॅटिन मुरलेले. वाचणारी एखादी खाणकामगाराची विधवा. तिला एवढेच कळायला हवे की आपल्याला किती मिळणार आणि त्यासाठी कोठे जायचे. ते पत्रात असे. पण तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर, दोन पोटकलमांच्या आड.

गाउअर्स हे स्वतः त्या लॅटिनवाल्यांपैकीच. जन्म १८८० चा. वडील सर विल्यम गाउअर्स हे मज्जासंस्थेच्या विकारांचे नामांकित डॉक्टर. केंब्रिजला ग्रीक-लॅटिनचा अभ्यास करून १९०३ मध्ये ते सरकारी नोकरीत शिरले आणि त्यांतली काही वर्षे त्यांनी लंडनच्या इंडिया ऑफिसात काढली. आपल्या पणजोबांच्या काळचे कागद ज्या टेबलांवरून जात, त्यांतल्या एका टेबलाशी हा माणूस बसत असे म्हणायला हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नागरी संरक्षणाची सूत्रे त्यांच्याकडे होती. डोक्यावर बॉम्ब पडत असताना ज्याने हुकूम काढले आहेत त्याला मोघम वाक्याची खरी किंमत कळते, असा आपला माझा तर्क. खुद्द चर्चिलसाहेबांनीही ९ ऑगस्ट १९४० रोजी, हवाई युद्ध चालू असताना, खात्याखात्यांना टिपण धाडून अहवाल आखूड करा, पाल्हाळ टाका, असे बजावले होते.

पुस्तकातली तत्त्वे सांगायला वेळ लागत नाही. अनावश्यक शब्द गाळा. परका शब्द टाकून ओळखीचा घ्या. ढोबळ शब्द टाकून नेमका घ्या. ‘कमेन्स’ कशाला, ‘बिगिन’ आहे की. ‘परचेस’ कशाला, ‘बाय’ आहे की. ‘टर्मिनेट’ कशाला, ‘एन्ड’ पुरे. फाउलर बंधूंनी १९०६ मध्ये ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये बहुतेक हेच सांगितले होते. त्यात त्यांनी अस्सल सॅक्सन शब्दाला लॅटिनोद्भव शब्दावर पसंती देण्याचाही नियम घातला होता. पुढे १९२६ मध्ये थोरल्या बंधूंनी, हेन्‍री फाउलर यांनी, सॅक्सनाचा हट्ट धरणाऱ्यांचे कान उपटले. गाउअर्सही त्या हट्टाला जात नाहीत. शब्द कोणत्या कुळातला हे ते विचारीत नाहीत, वाचणाऱ्याच्या ओळखीचा आहे की नाही एवढेच विचारतात. आपल्याकडे सोपेपणा आणि भाषाशुद्धी या दोन गोष्टींची गल्लत वारंवार होते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. ‘स्टेशन’ हा शब्द सोपा आहे. त्याच्या जागी बसवलेला शुद्ध शब्द शुद्ध असेल, पण त्याने आगगाडी चुकण्याचा संभव.

परंतु या पुस्तकाचा जीव या नियमांत नाही. पत्रव्यवहारावर एक प्रकरण आहे, त्यात आहे. त्यात गाउअर्स कारकुनाला पत्राच्या पलीकडे बसलेला माणूस दाखवतात. आलेले पत्र आधी नीट वाचा, त्याला काय हवे आहे ते समजून घ्या, आणि मग उत्तराची सुरुवात उत्तरानेच करा. कायदा, कलम, प्रघात यांची परिक्रमा करून शेवटी उत्तराला येऊ नका. तो भांबावलेला असेल तर तुम्हीच अधिक उलगडून सांगायचे. तो तापलेला असेल तर तुम्ही अधिक सौम्य व्हायचे. कादंबरीत संवाद लिहिणाऱ्याला हे नवे नाही. ऐकणारा कोण हे ठरल्याशिवाय बोलणाऱ्याच्या तोंडी वाक्यच येत नाही, आणि आले तर ते भाषण होते. सरकारी पत्र हेही असेच ऐकणारा हरवलेले भाषण आहे, हे गाउअर्सनी ओळखले. व्याकरणाला त्यांनी पुस्तकाच्या शेवटाकडे जागा दिली आहे, तीही फार धाक न दाखवता.

येथे शाळामास्तर म्हणून माझी पंचाईत होते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी मी शिकलो ते चुका टाळण्याची विद्या म्हणून, आणि शिकवतो तेही बरेचसे तसेच. आपल्या मुलाच्या हातून इंग्रजीत लिहिले जाणारे पहिले काम म्हणजे रजेचा अर्ज. बापड्याला दोन दिवस ताप आलेला असतो. तो लिहितो काय, तर ‘मोस्ट रिस्पेक्टफुली आय बेग टु स्टेट’. भीक मागून निवेदन! शेवटी ‘युअर मोस्ट ओबीडियन्ट’ होऊन तो खाली सही करतो. मधल्या ओळीत ताप कसाबसा मावतो. नववीतल्या एका मुलीने एकदा मला तीन वाक्यांचा अर्ज लिहून दिला. काल मला ताप होता. मी घरी राहिले. कालचा धडा मी मैत्रिणीकडून उतरवून घेईन. इंग्रजी तिचे अगदी सरळ होते, आणि तिसरे वाक्य तर कोणत्याही नमुन्यात नसलेले. मी तिला पुरे गुण दिले. पण परीक्षेत नमुन्याला वेगळे गुण असतात, आणि ते तिला बाहेरचा परीक्षक देणार नाही हे मला ठाऊक आहे. तेव्हापासून मी वर्गात दोन्ही तऱ्हा शिकवतो आणि पहिली कोठे वापरायची तेही सांगतो. गाउअर्सना हा प्रश्न नव्हता. त्यांच्या विद्यार्थ्यांना नोकरी आधीच लागलेली होती.

ही ‘बेग टु स्टेट’ची भाषा आपण कोठून आणली? साहेबाने हिंदी माणसाच्या या इंग्रजीची भरपूर थट्टा केली. आर्नल्ड राइट नावाच्या गृहस्थाने १८९१ मध्ये ‘बाबू इंग्लिश’च्या गमतींचे एक पुस्तकच छापले. अवजड शब्द, लांबट वाक्ये, फुगीर नम्रता; वाचा आणि हसा. पण गाउअर्सच्या पुस्तकातले नमुने पाहावेत. ते कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या कारकुनांचे नव्हेत; लंडनच्या व्हाइटहॉलमधले, जातिवंत इंग्रजांनी लिहिलेले आहेत. तेच अवजड शब्द, तीच अंग चोरणारी वाक्ये. बाबूने इंग्रजी बिघडवली नव्हती. त्याने ती फार इमानाने गिरवली होती. साहेबाच्या घरची भाषा त्याच्या कानी कधी पडली नाही. कचेरीतली पडली, आणि इंग्रजी म्हणजे हीच असे समजून त्याने ती मुलांना व नातवंडांना दिली. हसायचेच असेल तर ते निदान दोघांनाही हसावे, हे सांगणारा साक्षीदार साहेबाच्याच कचेरीत निघाला. या पुस्तकाविषयी मला जो जिव्हाळा वाटतो त्यात या सुडाचा अंश थोडा आहे, नाही असे नाही.

मात्र भपका हे या भाषेचे एकच कारण नव्हे. आमच्या गावचे एक गृहस्थ मुंबईत एका कारखान्यात तीस वर्षे राबून परत आले. त्यांचे काही पैसे यायचे राहिले होते. वर्षभराने कंपनीचे इंग्रजी पत्र आले, ते घेऊन ते माझ्याकडे आले. पत्रात तीन वाक्ये. आपल्या अमुक तारखेच्या पत्राच्या संदर्भात असे की, सदर बाब आवश्यक त्या कागदपत्रांच्या पूर्ततेच्या अधीन राहून सक्रिय विचाराधीन आहे, पूर्वी कळविल्याप्रमाणे योग्य ती कार्यवाही यथावकाश होईल, वगैरे. “गुरुजी, पैसे मिळणार का नाही?” एवढाच त्यांचा प्रश्न. त्या पत्रातला प्रत्येक शब्द मला येत होता. तरी मी ते दोनदा वाचले आणि त्यांना उत्तर देऊ शकलो नाही, कारण उत्तर तेथे नव्हतेच. कागद कोणता, तो कोणाला हवा, कधीपर्यंत हवा, यांतले काही नव्हते. विचार चालला आहे म्हणावे तर विचार करणारा कोणी नव्हता. मी त्यांच्या वतीने इंग्रजीतच चार ओळी लिहिल्या. तुम्हाला कोणता कागद हवा? तो मी कोणाच्या नावे पाठवू? तो मिळाल्यावर पैसे किती दिवसांत येतील? कृपा करून या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. अडीच महिन्यांनी उत्तर आले आणि त्यात एका कागदाचे नाव होते. बाकीच्या दोन प्रश्नांबद्दल अक्षर नव्हते.

गाउअर्सच्या हाती ते पहिले पत्र पडते तर त्यांनी ते सुरेख दुरुस्त केले असते. पण दुरुस्त करायला आधी आत काही असावे लागते! येथेच त्यांच्या पुस्तकाची मर्यादा लागते. गाउअर्सचा कारकून मुळात सज्जन आहे. त्याला सांगायचे असते; फक्त सवयीने, घाईने, भीतीने तो वाकडे सांगतो. त्याला वळण लावले की तो सरळ लिहील. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ च्या एप्रिलात ‘होरायझन’ मासिकात ‘पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज’ हा निबंध लिहिला तो याच दुखण्यावर, पण निदान निराळे. गाउअर्स नोकरीत शिरले त्याच १९०३ साली ऑर्वेल आपल्याकडे बिहारात मोतीहारीला जन्मले, आणि पुढे ब्रह्मदेशात त्यांनी साम्राज्याच्या पोलिसखात्यात पाच वर्षे काढली. साम्राज्याचे कागद त्यांनी लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहिले होते, आणि ते कागद जेथे अमलात येतात ती जागाही पाहिली होती. ते म्हणतात, जे उघड शब्दांत सांगितले तर सांगणाऱ्याची मान खाली जाईल, ते सांगण्यासाठी ही भाषा लागते. गावांवर बॉम्ब टाकून माणसे हुसकून लावायची आणि त्याला शांतता प्रस्थापित करणे म्हणायचे. तेथे मोघम शब्द नकळत आलेला नसतो; त्याला कामावर ठेवलेले असते.

दोघांत खरा कोण? रोजच्या टपालाचा गठ्ठा समोर ठेवला तर गाउअर्स. त्यातली बहुतेक दुर्बोधता निव्वळ आळसाची असते. परंतु ज्या पत्रावर कोणाची भाकर अवलंबून असते, जमीन जायची असते, नोकरी तुटायची असते, तेथे मी ऑर्वेलकडे वळतो. त्यांचा निबंध थोड्या पानांचा आहे आणि त्यातले नियम गाउअर्सच्या नियमांहून फारसे वेगळे नाहीत. वेगळी आहे ती शंका. कर्मणी प्रयोगाचेच पाहा. ‘खेद वाटला जातो’ अशा थाटाचे इंग्रजी वाक्य गाउअर्सना खटकते ते त्याच्या थंडपणामुळे. खेद कोणाला वाटतो ते सांगा, जरा माणसासारखे बोला, असे ते म्हणतात. करणाऱ्याचे नाव गाळल्याने कोणाचा फायदा झाला, हे ते विचारीत नाहीत. सभ्य गृहस्थाने दुसऱ्या सभ्य गृहस्थाला ते विचारायचे नसते.

असाच उदारपणा त्यांनी कायद्याच्या भाषेला दाखवला आहे. कायद्याला पळवाटा बुजवायच्या असतात, म्हणून तो किचकट असणारच. अधिकाऱ्याचे काम तो समजावून देण्याचे. युक्तिवाद म्हणून हे बिनतोड दिसते. पण त्यातून असे निष्पन्न होते की, माझ्यावर बंधनकारक असलेला मजकूर मी वाचायचा नाही, कोणीतरी दयाळूपणे मला त्याचा सारांश सांगायचा. स्पष्टता ही गाउअर्सच्या मते लिहिणाऱ्याच्या सौजन्याची बाब आहे. त्यांच्या सबंध पुस्तकात वाचकाची इतकी काळजी आहे, पण वाचक स्वतः कोठे बोलत नाही.

तो बोलला तीस वर्षांनी, आणि ती एक बाई होती. लिव्हरपूलच्या गरीब वस्तीत वाढलेल्या, किशोरवयापर्यंत धड वाचताही न येणाऱ्या क्रिसी माहेर यांनी १९७९ मध्ये लंडनच्या पार्लमेंट चौकात सरकारी फॉर्मांचे सर्वांदेखत तुकडे तुकडे केले. ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’ या चळवळीचा तो आरंभ. गाउअर्स अधिकाऱ्याला म्हणत होते की तू तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ती म्हणाली, माझ्या जागी मी आहे, मला विचारा. कळेल असे लिहिणे ही मेहेरबानी न राहता मागणी झाली. पुढे अमेरिकेत तर २०१० मध्ये सरकारी खात्यांनी जनतेसाठी साधे लिहावे असा कायदाच झाला. त्या कायद्याने काय साधले याचा हिशेब येथे मांडत नाही. पण शब्दकळेच्या दृष्टीने गाउअर्सचे पुस्तक या मागणीपुढे आजही उजवे ठरते. रागाने फॉर्म फाडता येतो, नवा लिहायला मात्र गाउअर्सचीच पाने उलटावी लागतात. १९७३, १९८६ आणि २०१४ अशा तीन वेळा या पुस्तकाच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. शेवटची त्यांची पणती रिबेका गाउअर्स यांनी सिद्ध केली.

एवढे बोलल्यावर गाउअर्स या माणसाविषयी एक गोष्ट न सांगणे अन्यायाचे होईल, कारण ती त्यांच्या पुस्तकाच्या पुढे जाते. ‘प्लेन वर्ड्‌स’ निघाल्यानंतरच्या वर्षी त्यांना फाशीच्या शिक्षेविषयीच्या रॉयल कमिशनचे अध्यक्ष नेमण्यात आले. (‘नेमण्यात आले’! पाहा, हात कसा आपोआप वळतो.) कमिशनने १९४९ ते १९५३ असे चार वर्षे काम केले. फाशी असावी की नसावी हे ठरवण्याचा अधिकार त्यांना दिलेलाच नव्हता. ती कोणाला द्यावी, तिला मर्यादा घालाव्यात काय, कशी द्यावी, एवढेच त्यांनी पाहायचे. त्यांनी न्यायाधीश ऐकले, डॉक्टर ऐकले, तुरुंगाधिकारी ऐकले, जल्लादाचीही साक्ष घेतली. गळफासाला पर्याय कोणते, सुई टोचून जीव घेता येईल काय, याची चर्चा केली. हे सारे साध्या शब्दांत मांडायचे म्हणजे काय, याची कल्पना करावी. ‘शिक्षेची अंमलबजावणी’ असे लिहिले की लेखणी सुखरूप पुढे जाते. दोर किती लांबीचा, माणूस किती वजनाचा, हे लिहायचे तर ती थबकते. कामाला बसले तेव्हा या प्रश्नावर गाउअर्सचे ठाम असे मत नव्हते. उठले ते फाशीचे विरोधक होऊन. १९५६ मध्ये त्यांनी ‘अ लाइफ फॉर अ लाइफ?’ हे पुस्तक लिहून ते जाहीर केले. १९६५ मध्ये ब्रिटनमध्ये खुनासाठी फाशी स्थगित झाली, ती त्यांनी पाहिली. त्याच साली, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी सुधारलेली फाउलर यांच्या ‘मॉडर्न इंग्लिश यूसेज’ची आवृत्ती निघाली. १९६६ मध्ये ते वारले.

साधे लिहिण्याने वाचकाला कळते, हे त्यांनी पुस्तकात लिहिले. लिहिणाऱ्यालाही कळते, आणि कळल्यावर त्याला पूर्वीच्या जागी बसवत नाही, हे त्यांनी पुस्तकात लिहिलेले नाही. ते त्यांच्या चरित्रात आहे. माझ्या मते ‘प्लेन वर्ड्‌स’चे राहून गेलेले प्रकरण ते हेच.

आपल्या राज्यात १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने कारभार मराठीत आला. आनंदाची गोष्ट झाली. पण साहेबाने मागे ठेवलेल्या दप्तरातून आपण भाषांतर केले ते त्याच्या घरच्या इंग्रजीचे नव्हे, कचेरीतल्या इंग्रजीचे. ‘कळविण्यात येते की’, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘उचित कार्यवाहीस्तव’ ही मंडळी मराठी पागोटे घालून बसली आहेत इतकेच. वास्तविक आपल्याकडे लोकहितवादींनी सरकारी नोकरीत असतानाच १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहिली, आणि ती कोणालाही समजतील अशी लिहिली, गाउअर्सच्या बरोबर शंभर वर्षे आधी. त्यांचे वळण कचेरीत शिरले नाही.

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या फलकावर एक सूचना लागली होती. ‘पाण्याच्या टाकीची स्वच्छता करण्यात येणार असल्याने सर्व संबंधितांनी पिण्याच्या पाण्याची पर्यायी व्यवस्था करण्याची दक्षता घ्यावी असे सूचित करण्यात येत आहे.’ मी ती नववीच्या वर्गात वाचून दाखवली आणि तिसरीतल्या मुलाला कळेल अशी लिहायला सांगितली. एका मुलाने लिहिले, ‘उद्या शिपाईमामा टाकी धुणार आहेत. घरून पाणी आणा.’ ती चिठ्ठी मी हेडमास्तरांना नेऊन दाखवली. ते हसले, त्यांनी ती ठेवून घेतली, आणि मधल्या सुट्टीत जुनी सूचना काढून तिच्या जागी हीच लावली. खाली मात्र त्यांच्या हस्ताक्षरात एक शब्द वाढला होता : ‘आज्ञेवरून’.